इमान उतरलं होतं, पण कुठे?

भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या नकाशाकडे पाहिले, की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती समोच्चरेषांची दाटी. तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर अशी एकाहून एक उंच नावे, त्यांच्या मधून वाहणाऱ्या नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्या, आणि उरलेल्या जागेत धरणांचे जलाशय. अशा मुलखात विमानाच्या इतिहासाचा शोध घ्यायचा, असे म्हटले तर कोणीही हसेल. पण खेडोपाडी जुनी माणसे सांगतात त्या गोष्टींत 'इमान' असतेच. कोणाच्या आजोबांनी ते माळावर उतरलेले पाहिलेले असते, कोणाच्या चुलत्यांनी त्याच्या पंखाला हात लावलेला असतो. या गोष्टी खऱ्या की ऐकीव? खऱ्या असतील तर ते विमान नेमके कुठे उतरले असेल? हे शोधून काढण्याची काही रीत आहे का?

अशी रीत आहे, आणि तिच्यात शाळेतले भौतिकशास्त्र, भूगोल आणि इतिहास हे तिन्ही विषय एकत्र येतात. म्हणूनच तो शोध शिक्षकांपुढे मांडावा असे आम्हाला वाटले.

विमानतळ नव्हे, मैदान

विमानतळ म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर लांबलचक डांबरी धावपट्टी येते. हरवलेला विमानतळ शोधणारा माणूसही नकळत अशीच पट्टी शोधू लागतो आणि तिथेच फसतो. कारण सुरुवातीच्या तीस वर्षांत बहुतेक ठिकाणी धावपट्टी नावाची वस्तूच नव्हती. होते ते मैदान. पोलोचे मैदान, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, लष्कराच्या कवायतीचे मैदान, नाहीतर सरळ गुरे चरायचा माळ.

आपल्या देशातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अलाहाबादचे. तिथे भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात १९११ च्या फेब्रुवारीत विमानांची प्रात्यक्षिके ठेवली होती. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या तरुण फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत उड्डाण केले. अंतर साधारण १० किलोमीटर, वेळ सुमारे १३ मिनिटे. म्हणजे वेग ताशी ४६ किलोमीटरच्या आसपास, आजच्या एसटीपेक्षाही कमी. विमानाने अधिकृतपणे टपाल नेण्याचा हा जगातला पहिला प्रसंग मानला जातो. तो घडला तो कोणत्याही विमानतळाशिवाय.

पुढे पहिल्या महायुद्धानंतर विमाने आणि वैमानिक दोन्ही शिल्लक राहिले, आणि हवाई सर्कशींचा काळ सुरू झाला. इंग्लंडमध्ये ॲलन कोबम यांनी १९३२ ते १९३५ या काळात गावोगाव विमाने नेऊन कसरती दाखवल्या आणि थोड्या पैशांत लोकांना आकाशात फिरवून आणले. एखाद्या शेतकऱ्याचे कुरण दिवसभरासाठी भाड्याने घ्यायचे, खेळ करायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जायचे, असा हा उद्योग. भारतातही नेव्हिल व्हिन्सेंट आणि न्यूऑल या दोन वैमानिकांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस असाच फिरता संसार मांडला होता. १९३३-३४ च्या हिवाळ्यात कॅप्टन बार्नर्ड यांचा 'इंडियन एअर पेजंट्स' हा ताफा देशभर हिंडला. आकाशातली ही जत्रा आली तशी गेली. कुरणात पुन्हा गुरे चरू लागली. मागे ना इमारत उरली, ना पाटी. हरवलेली उड्डाणमैदाने हरवतात ती अशी.

येरवड्याचा माळ

आपल्या पुणे जिल्ह्यातच अशा मैदानाचे एक खात्रीचे उदाहरण आहे, आणि ते बहुतेक पुणेकरांनाही ठाऊक नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी 'पस मॉथ' या छोट्या एका इंजिनाच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले. ते जुहूला उतरले. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल नेण्याचे काम नेव्हिल व्हिन्सेंट यांनी केले. हवाई सर्कस घेऊन आलेला हाच तो व्हिन्सेंट. भारतातली नियमित हवाई टपालसेवा अशी सुरू झाली.

पण जुहूची जागा म्हणजे समुद्रालगतचा सखल चिखलपट्टा. पावसाळा आला की ती पाण्याखाली जाई. मग टाटांची ही छोटीशी कंपनी विमाने, वैमानिक, मेकॅनिक असे सगळे बिऱ्हाड उचलून पुण्याला येई. पुण्यात त्यांना एक मैदान विमानतळ म्हणून वापरायला मिळाले होते. ते होते येरवड्याच्या तुरुंगाला अगदी लागून. जे. आर. डीं.नी ही हकिकत पुढे स्वतःच सांगितली आहे. ज्या तुरुंगात १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींचे उपोषण आणि पुणे करार झाला, त्याच तुरुंगाच्या भिंतीजवळच्या मैदानातून देशाचे टपाल उडत होते.

लोहगावचा विमानतळ १९३९ चा, तोही ब्रिटिश हवाई दलासाठी बांधलेला. येरवड्याचे मैदान त्याच्या आधीचे. आज तो सगळा परिसर दाट वस्तीचा झाला आहे. लोहगावला जाणारा विमानतळ रस्ता येरवड्यातूनच निघतो, पण त्यावरून रोज जाणाऱ्या हजारो लोकांना आपण पुण्याच्या आधीच्या एका विमानतळाशेजारून चाललो आहोत याची कल्पना नसते.

आता प्रश्न असा, की पावसाळ्यात मुंबईहून पळून पुण्यालाच का यायचे? मधल्या भोर-वेल्ह्यासारख्या भागात का थांबायचे नाही? याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस टाकतात. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे २२०० मिलिमीटर पाऊस पडतो. वेल्ह्याच्या पश्चिम कडेला, घाटमाथ्यावर, तो याहून बराच वाढतो. आणि तिथून पूर्वेकडे जेमतेम ५० किलोमीटरवर असलेल्या पुण्यात वर्षभरात मिळून ७०० मिलिमीटरच्या आसपास. पुणे पर्जन्यछायेत आहे, म्हणून तिथले मैदान पावसाळ्यातही वापरता येते. भोर आणि वेल्हे मात्र याच उताराच्या वरच्या टोकाला आहेत. तिथे श्रावणात डोंगरांचे माथे ढगांतच असतात. हे ढग किती घातक, ते ४ ऑगस्ट १९७९ रोजी दिसले. त्या दिवशी पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान खराब हवेत पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ४५ जण मृत्युमुखी पडले.

किती मोठे मैदान लागते?

हरवलेले मैदान शोधायचे तर आधी ते केवढे असेल याचा अंदाज हवा. नववी-दहावीच्या मुलांना हा हिशोब सहज करता येतो.

विमानाला उचलून धरते ती पंखांवरून जाणारी हवा. म्हणून महत्त्वाचा वेग हा जमिनीच्या तुलनेत नसतो, तर हवेच्या तुलनेत असतो. समजा, एका जुन्या विमानाला उडण्यासाठी हवेच्या तुलनेत ताशी ७० किलोमीटर वेग लागतो, आणि त्याचे त्वरण दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद आहे. ताशी ७० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १९.४ मीटर. वेगाच्या वर्गाला त्वरणाच्या दुपटीने भागले की अंतर मिळते. ते येते सुमारे १९० मीटर.

आता समोरून ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा वाहू लागला असे समजा. विमान उभे असतानाच त्याला २० किलोमीटरचा वेग फुकट मिळाला. जमिनीवर त्याला फक्त ताशी ५० किलोमीटर वेग गाठायचा आहे. पुन्हा हिशोब केला तर अंतर येते ९७ मीटर, म्हणजे जवळजवळ निम्मे! उलट, मागून ताशी १० किलोमीटरचाच वारा असेल तर जमिनीवर ताशी ८० किलोमीटर वेग लागेल आणि धाव जवळपास २५० मीटर होईल. त्वरण तेच धरले तरी एवढा फरक पडतो, कारण अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून आहे.

राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण केले ते जोरदार समोरच्या वाऱ्यातच. ते १२ सेकंद हवेत राहिले आणि ३६ मीटरच्या थोडे पुढे गेले. जमिनीच्या तुलनेत हा वेग सेकंदाला ३ मीटर, म्हणजे शाळेतले कोणतेही पोर धावत बरोबर राहील इतका. पण पंखांवरून जाणारी हवा मात्र त्याच्या कित्येक पट वेगाने चालली होती.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, जुन्या विमानाला प्रत्यक्ष धावायला शंभर-दोनशे मीटर पुरत असत. उतरणे, चुकणे आणि टोकाची झाडे या सगळ्यांचा विचार करून ५०० ते ६०० मीटरचे मैदान म्हणजे चैन होती. दुसरी, वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूला तोंड करून उडता यावे म्हणून मैदान लांब पट्टीसारखे नसून चौरस किंवा गोल असणे सोयीचे होते. ब्रिटिश पद्धतीत त्याच्या मधोमध चुन्याने एक मोठे पांढरे वर्तुळ काढत आणि शेजारी ठिकाणाचे नाव लिहीत, म्हणजे वरून वैमानिकाला आपण कुठे आलो ते वाचता येई. एका बाजूला खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. झाला विमानतळ!

पुढे विमाने जड आणि वेगवान झाली, तशी सर्व दिशांना पुरेल एवढी जागा परवडेना, आणि नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेने एकच पट्टी बांधणे भाग पडले. याचा पुरावा आजही दिसतो. पुण्याची धावपट्टी १०-२८, कऱ्हाडची १०-२८, जुहूची मुख्य पट्टी ०८-२६. हे आकडे म्हणजे उत्तरेपासून मोजलेल्या अंशांतील शेवटचे शून्य गाळून उरलेली संख्या. २८ म्हणजे २८० अंश, जवळजवळ पश्चिम. आपल्या भागातल्या धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम पसरलेल्या असण्याचे मोठे कारण म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. मुलांना हे नकाशावर पाहायला सांगावे. वारा डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची सही सिमेंटवर उमटलेली असते.

उंचीचा आणि उन्हाचा कर

वरचा हिशोब समुद्रसपाटीचा झाला. भोर गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंच जावे तशी हवा विरळ होते आणि तापली की आणखी विरळ होते. १५ अंश तापमानाला समुद्रसपाटीला हवेची जी घनता असते, तिच्या तुलनेत भोरच्या उंचीवर वैशाखातल्या ३५ अंशांना ती सुमारे १३ टक्क्यांनी कमी भरते.

घनता कमी म्हणजे तेवढीच उचल मिळवायला वेग जास्त हवा. शिवाय इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो आणि पंख्यालाही पातळ हवा कापावी लागते, म्हणजे त्वरण घटते. दोन्ही परिणाम एकत्र धरले तर धाव साधारण घनतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. भोरला ती सुमारे एक तृतीयांशाने वाढेल. समुद्रकाठी १९० मीटर लागत असतील तर इथे २५० मीटर.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, की मग रायरेश्वर का नको? तो तर कित्येक किलोमीटर लांब पसरलेला सपाट सडा आहे. प्रश्न उत्तम आहे आणि त्याला हिशोबानेच उत्तर द्यावे. रायरेश्वराची उंची सुमारे १३७० मीटर. तिथे ३० अंश तापमानाला घनता जवळजवळ १९ टक्क्यांनी कमी, म्हणजे धाव दीडपटीहून थोडी अधिक. जागा पाहता हे जमण्यासारखे आहे. अडचण आहे ती दुसरीच. विमानाला पेट्रोल लागते, तेल लागते, सुटे भाग लागतात आणि पैसे देणारे प्रवासी किंवा टपाल लागते. १९३२ मध्ये अहमदाबादला टाटांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते, असे सांगतात. सड्यावर बैलगाडीही चढत नाही. विमान कुठे उतरू शकते आणि लोक त्याला कुठे उतरवतात, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी असतात. पहिले भौतिकशास्त्र सांगते, दुसरे अर्थशास्त्र.

शेजारच्या जिल्ह्यांतली उदाहरणे हेच दाखवतात. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात झाला, कारण मोठे संस्थान होते, पैसा होता आणि गावाबाहेर मोकळा माळ होता. कऱ्हाडचा विमानतळ १९५५ साली सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधला तो कोयना धरणाच्या कामासाठी. दोन्ही ठिकाणी आधी गरज होती, मग मैदान आले. भोर हेही १९४८ पर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते, पण डोंगरी आणि लहान.

मातीची परीक्षा

सपाट जागा मिळाली म्हणजे संपले असे नाही. भोरच्या पूर्वेकडे नदीकाठाला जी सपाट काळी जमीन आहे, ती उसाला आणि ज्वारीला चांगली, विमानाला वाईट. काळ्या मातीतली चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसून भेगा पडतात. उन्हाळ्यात भेगेत चाक अडकायचे आणि पावसाळ्यात रुतायचे. शिवाय अशी जमीन पिकाखाली असते. विमानासाठी उभे पीक कोण मोडू देईल?

म्हणून शोध घ्यायचा तो मुरमाड माळाचा. बेसॉल्ट झिजून तयार झालेल्या मुरमातून पाणी लवकर निघून जाते, वर थोडे गवत असते आणि जमीन घट्ट राहते. गावाच्या कागदपत्रांत अशा जमिनीची नोंद बहुधा गायरान, पडीक किंवा सरकारी अशी सापडते. जुन्या काळी ज्या माळावर जत्रेत कुस्त्या होत किंवा बैल पळवत, तो माळ विमानालाही चालला असता.

आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी. या भागातली बरीचशी सपाट जमीन खोऱ्यांच्या तळाशी होती, आणि तीच धरणांनी घेतली. वेळवंडीवरचे भाटघरचे मोठे धरण १९२० च्या दशकात पूर्ण झाले. त्यानंतर पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी धरणे होत गेली. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीतला माळ आज सापडत नसेल, तर तो पाण्याखाली असू शकतो. मे महिन्यात जलाशय उतरले, की त्या जमिनी पुन्हा उघड्या पडतात.

नकाशाची चाळणी

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांपैकी ४७ एफ/१६ या नकाशात भोरचा परिसर येतो आणि ४७ एफ/११ मध्ये वेल्ह्याचा. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, पण जुन्या नकाशांवर वेल्हेच शोधावे लागेल.) या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर आणि दोन समोच्चरेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक.

एका जाड कागदाला १.२ सेंटिमीटर बाजूची चौकोनी खिडकी कापावी. ही झाली ६०० मीटर बाजूच्या मैदानाची चौकट. ती नकाशावर सरकवत न्यावी. खिडकीत एकही समोच्चरेषा येत नसेल तिथे पेन्सिलने खूण करावी. ही पहिली चाळणी. हिच्यातूनही ३० मीटरला १ मीटर एवढा चढ सुटू शकतो, आणि तेवढा चढही फार झाला. अशा चढावर गुरुत्वाकर्षण आपल्या उदाहरणातल्या विमानाचे एक तृतीयांश त्वरण खाऊन टाकते. म्हणून खुणा केलेल्या जागा प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात.

दुसरी चाळणी डोंगरांची. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे आणि सेकंदाला ३ मीटर चढणारे जुने विमान २ किलोमीटर अंतरात सुमारे २१६ मीटरच चढेल. मैदानापासून २ किलोमीटरवर समोर ३०० मीटर उंच भिंत असेल, तर सरळ जाता येणार नाही, वळावेच लागेल. आपल्या भागातल्या खोऱ्यांची दिशा साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे, म्हणजे वाऱ्याला धरून आहे, ही जमेची बाजू. पण पश्चिमेला तोंड करून उडायचे म्हणजे सह्याद्रीच्या उंच कण्याकडे तोंड करायचे. शिवाय डोंगर ओलांडून आलेला वारा आडोशाच्या बाजूला खाली उतरतो आणि विमानालाही खाली ढकलतो.

तिसरी चाळणी रस्त्याची आणि मातीची. गाडीवाटेपासून दूर किंवा बागायतीखाली असलेल्या खुणा खोडाव्यात. तीन चाळण्यांनंतर ज्या थोड्या जागा उरतील, तिथल्या गावांत चौकशीला जावे.

पुरावा म्हणजे काय?

इथवर आपण फक्त 'विमान कुठे उतरू शकले असते' हे शोधले. 'उतरले होते' हे म्हणायला पुरावा लागतो.

दोन गोष्टींची तुलना करून पाहा. १९११ च्या अलाहाबादच्या टपालाची पत्रे आजही संग्राहकांकडे आहेत आणि त्यांवर त्या प्रसंगाचा खास शिक्का आहे. हवी त्याने ती तपासावीत. याउलट, शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. ती मुख्यतः फार नंतर सांगितलेल्या हकिकतींवर उभी आहे. त्या प्रसंगाचे छायाचित्र, आराखडा किंवा तपासता येईल असे त्या वेळचे स्वतंत्र वृत्त यांचा तिला आधार नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा तिच्याशी संबंध जोडतात, त्या ग्रंथाचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णन केलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अभिमान आणि पुरावा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मुलांना शिकवण्यासाठी याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही.

हीच कसोटी आपल्या गावच्या इमानाला लावायची. जुन्या माणसांना विचारताना उत्तर सुचवणारा प्रश्न करू नये. "इथे इंग्रजांचे विमान उतरले होते ना?" असे विचारले तर कोणीही हो म्हणेल. त्याऐवजी विचारावे: पंख एकावर एक दोन होते की एकच? तेव्हा शेतात कोणते पीक होते? ते किती वेळ थांबले? परत जाताना कोणत्या अंगाला तोंड करून धावले? हे तुम्ही पाहिलेत की ऐकलेत? पिकावरून हंगाम कळतो, हंगामावरून वाऱ्याची दिशा, आणि ती विमानाच्या धावेशी जुळते का ते पाहता येते. सांगणाऱ्याला भौतिकशास्त्र माहीत नसते, म्हणूनच त्याच्या आठवणीतली दिशा वाऱ्याशी जुळली तर तिला मोल येते. अलीकडच्या निवडणुकीतले किंवा मंत्र्यांच्या दौऱ्यातले हेलिकॉप्टर जुन्या आठवणीत मिसळलेले नाही ना, हेही पाहावे.

त्यानंतर कागद. तलाठ्याकडचा गाव नकाशा, जुने फेरफार, माळाचे लोकांच्या तोंडी असलेले नाव, पुणे पुरालेखागारातील दप्तरे, 'केसरी' आणि 'ज्ञानप्रकाश' यांचे जुने अंक. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर किंवा इतर उपग्रहचित्रांत तो माळ वेगवेगळ्या ऋतूंत पाहावा. दाबलेल्या जमिनीवरचे गवत आधी वाळते आणि रंगातला फरक वरून दिसतो. तोंडी आठवण, कागद आणि जमीन या तिघांपैकी निदान दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तीच गोष्ट सांगितली, तरच ती लिहून ठेवावी. एकानेच सांगितली असेल तर 'एकाने सांगितले' असे लिहावे.

उशीर नको

या कामाला मुदत आहे. १९४४ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या पुढे आहे. पाच-दहा वर्षांत स्वतः डोळ्यांनी पाहिलेली साक्ष संपेल आणि उरेल ती ऐकीव गोष्ट. माळही राहणार नाहीत. पुणे-सातारा रस्त्याच्या बाजूने येणारी घरे, गोदामे आणि प्लॉट यांनी गायराने झपाट्याने व्यापली आहेत.

आणखी एक कारण आहे. शेजारच्या पुरंदर तालुक्यात नव्या विमानतळाचा प्रस्ताव २०१६ पासून चर्चेत आहे आणि जमिनी देण्याला तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आहे. एका काळी ज्या यंत्राला गुरांच्या माळाचा एक तुकडा पुरत होता, त्याला आज कित्येक गावांची जमीन का लागते? याचे उत्तर आपल्या त्याच सूत्रात आहे. वेग चौपट झाला की त्याच त्वरणाने धाव सोळापट होते. त्या जमिनीचे काय करावे हे सूत्र सांगत नाही, ते माणसांनीच ठरवायचे असते. पण त्या चर्चेत बसणाऱ्या उद्याच्या नागरिकाला निदान मागणीमागचा हिशोब तपासता यावा, एवढे काम शाळेचे आहे.

तीन चाळण्या लावून शेवटी हाती काहीच उरले नाही, तर मुलांचा हिरमोड होईल. त्या वेळी त्यांना सांगावे, की 'या खोऱ्यात मैदानाला जागाच नव्हती' हेही कष्टाने मिळवलेले उत्तर आहे, आणि ते कोणत्या जागा तपासून मिळाले ते लिहून ठेवले तर पुढच्या वर्गाला तिथून पुढे जाता येईल. वहीत तारीख, नकाशाचा क्रमांक, सांगणाऱ्याचे वय आणि त्याने पाहिले की ऐकले एवढ्या चार नोंदी असल्या तरी पुरे. कात्री, जाड कागद आणि नकाशाची एक प्रत एवढ्या सामानावर पुढच्या शनिवारीच सुरुवात करता येईल.